डावीकडून तिसरी रांग

मी यंत्रं भरतो.
यंग्सटाऊन आणि आसपास सतरा यंत्रं,
आठवड्यातून दोनदा, पट्ट्याला किल्ल्यांचा जुडगा,
आणि कोण काय पितं हे मला
त्यांच्या डॉक्टरांआधी कळतं.

इस्पितळाच्या तळमजल्यावर, धुलाईघरात,
लाल डब्यांची रांग सगळ्यांत आधी रिकामी व्हायची.
जानेवारीत ती भरलेलीच राहिली
आणि शेजारची, चंदेरी, बिनसाखरेची,
डावीकडून तिसरी, तळाला गेली.
म्हटलं, कुणीतरी ठरवलंय.

कुणीतरी म्हणजे मार्व्हेला टटल.
रात्रपाळीला चादरींच्या घड्या घालते,
वाफेत उभी राहून. एका पाळीत चार डबे.
"चार डबे म्हणजे चाळीस चमचे साखर.
मी घरी वाडग्यात मोजून बघितली," ती म्हणाली,
"वाडगा भरला, आणि मी खुर्चीत बसले."

इस्त्रीच्या रोलरवरून लास्लो ओरडला,
"दुधाची तहान ताकावर!
आणि ते ताकसुद्धा नाही, ताकाचा फोटो.
जीभ फसते, पोट फसत नाही. बघ, दुप्पट मागेल."
त्याच्या हातात लाल डबा होता.

फेब्रुवारी संपता सात पौंड गेले.
तिने मला पट्ट्याचं नवं भोक दाखवलं,
खिळ्याने पाडलेलं, जरा वाकडं.

मार्चमध्ये काटा अडला.
तिने यंत्राला चापट मारली,
"लास्लो खरं बोलत होता का रे?"
मी नाणी मोजत राहिलो.
मला माहीत होतं, चौथ्या फळीवरचे दालचिनी रोल
महिनाभर कोण संपवतंय.

माझे वडील असेच.
पायाची दोन बोटं कापल्यावर
त्यांनी साखरेचं पेय सोडलं, एका दिवसात,
आणि बिनसाखरेच्या ग्लासाशेजारी
अख्खा चेरी पाय ठेवून म्हणायचे,
"झाला हिशेब!"
आम्ही हसायचो. आईसुद्धा हसायची.

म्हणून मी एक आगाऊपणा केला.
रोलच्या जागी शेंगदाणे भरले.
गुरुवारी ती किल्ल्यांच्या आवाजाचीच वाट बघत होती.
"कुणी सांगितलं तुला?
त्रेपन्न वर्षांची आहे मी, डेल्बर्ट.
नवऱ्याला पुरलं, दोन पोरं वाढवली,
आणि तू माझी फळी बदलतोस?"
मी रोल परत भरले. खाली मान घालून.
बारापैकी बारा.

पुढच्या खेपेला अकरा शिल्लक होते.
त्याच्या पुढच्या खेपेलाही.
मी काही विचारलं नाही, तिने काही सांगितलं नाही;
फक्त टेबलावर नळाच्या पाण्याची बरणी दिसली,
लोणच्याची, लेबल अर्धं खरवडलेलं,
आणि चंदेरी डबे चारावरून दोनावर आले.

मेमध्ये एकदा लास्लो नव्हता
तेव्हा तिने हळूच विचारलं,
"हे बरोबर आहे का, की मी स्वतःला बनवतेय?"
मी काय सांगणार, मी भरणारा माणूस.
म्हटलं, लाल डब्यापेक्षा बरं.
पाण्यापेक्षा बरं, असं कुणी मला म्हटलेलं नाही.
आणि रोल धुवायला ते पेय नाही,
इतकं मला घरून ठाऊक आहे.
ती म्हणाली, "म्हणजे कुबडी."
मी म्हटलं, कुबडीनेही लोक जिना चढतात.
"उतरतातही," ती म्हणाली, आणि चादर झटकली.

आता जून. धुलाईघरात उभं राहवत नाही.
परवा रात्री तिने डबा घेतला,
मनगटावर जुना भाजल्याचा डाग आहे, तिथे धरला,
मग मानेला, मग दुसऱ्या मनगटाला.
डबा घामाने भिजला, तिची बाही भिजली.
पाळीची घंटा झाली तरी तो उघडलेला नव्हता.
जाताना तिने तो लास्लोच्या रोलरवर ठेवला.

लास्लोने दोन दिवस त्याला हात लावला नाही.
आज मी रांग भरायला गेलो
तर डबा कचऱ्यात होता,
हलवून पाहिला,
रिकामा.